कमी खर्चात पीव्हीसी पाईपचा रेसिंग सिम्युलेटर रिग घरी बनवता येतो का? कसा बनवायचा?

येतो. रिग म्हणजे व्हील, पेडलं आणि सीट एकत्र धरून ठेवणारा सांगाडा. तुम्ही लिहिलंय की गियरवर चालणारं साधं फोर्स फीडबॅक व्हील (आतल्या मोटरने हाताला जोर जाणवून देणारं) आणि स्प्रिंगची पेडलं आहेत, सध्या टेबलाला लावता, ब्रेक दाबला की पेडलं पुढे पळतात आणि खुर्ची मागे जाते; पाईपचा सांगाडा हे पेलेल का, हा तुमचा प्रश्न. एवढ्या सामानाला तो पुरतो. मात्र बहुतेक जण चुकीच्या ठिकाणी मजबुती घालतात, म्हणून आधी थोडा हिशेब.

सगळ्यांना भीती असते व्हीलच्या मोटरची. तुमच्यासारख्या व्हीलचा जोर साधारण २ ते २.५ न्यूटन-मीटर असतो. दोन उभ्या पाईपांमध्ये अर्धा मीटर अंतर असेल तर हा पीळ एका खांबाला खाली दाबतो, दुसऱ्याला वर उचलतो, आणि त्याचं प्रमाण फक्त ४ ते ५ न्यूटन, म्हणजे जेमतेम अर्धा किलो. ८ न्यूटन-मीटरची डायरेक्ट ड्राइव्ह मोटर (जिच्या दांड्यावर व्हील थेट बसतं) लावली तरी प्रत्येक खांबावर दीड-पावणेदोन किलोच येतात. आता पायाकडे बघा. स्प्रिंगचं ब्रेक पेडल १५-२० किलोने सहज दाबलं जातं, लोडसेलचं (पायाचा दाब मोजणारा सेन्सर असलेलं) ६० किलोपर्यंत आणि काही त्याच्याही वर. शिवाय सीटवरून उठताना माणूस व्हीलला धरून उठतोच, तेव्हा २०-३० किलो भार व्हीलच्या टोकावर येतो. म्हणजे रिग बांधायचा तो पायासाठी आणि उठणाऱ्या माणसासाठी. मोटरचं काम फक्त सैल सांधे खडखडवण्याचं.

आता पाईप. पीव्हीसीचा ताठपणा पोलादाच्या साधारण पासष्टाव्या भागाइतका आहे. म्हणून तो आडवा टांगून त्यावर जोर दिला की वाकतो, पण लांबीच्या दिशेने ओढला तर फारसा हलत नाही. दीड इंची शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचं मानक) पाईपचा अर्धा मीटर तुकडा दोन टोकांवर टेकवून मध्ये ६० किलो जोर दिला तर तो चारेक मिमी झुकतो. तोच जोर एक-एक मीटरच्या दोन पाईपांना सरळ लांबीच्या दिशेने ओढायला लावला तर ते ०.२ मिमी ताणले जातात. पाईप तोच, जोर तोच, फरक वीसपट. पुढचं सगळं डिझाइन या एका गोष्टीवर उभं आहे: पायाचा जोर पेडलपासून सीटपर्यंत पाईपांच्या लांबीतून गेला पाहिजे, आडव्या तुकड्यांच्या पोटातून नाही.

पाईप घेताना त्यावर छापलेलं वाचा. शेड्यूल ४०, दीड इंची: बाहेरचा व्यास ४८.३ मिमी, भिंत ३.७ मिमी. जिथे बाहेरच्या व्यासावर पाईप विकतात तिथे ५० मिमीचा, भिंत किमान ३.५ मिमी असलेला बघा. त्याच ५० मिमीत २.४ मिमी भिंतीचाही पाईप मिळतो, तो नको. सांडपाण्याचा पातळ पाईप आणि वायरिंगची नळी तर अजिबात नको. सीपीव्हीसीचे (गरम पाण्याच्या पाईपचे) व्यास वेगळे असतात, त्यामुळे त्याची फिटिंग्ज यात मिसळू नका. सव्वा इंची पाईप दिसायला पुरेसा वाटतो, पण वाकण्याला विरोध करणारा त्याचा आकडा ८.१ सेमी⁴ आहे, दीड इंचीचा १२.९ आणि दोन इंचीचा २७.७. दोन इंची घेतला तर ताठपणा दुपटीहून जास्त मिळतो, पण फिटिंग्ज अवजड होतात आणि पायाला जागा उरत नाही. मी दीड इंचीच सुचवेन. आणखी ताठपणा हवा असेल तर तो लांबी कमी करून मिळवा, कारण वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. खांब ६०० मिमीऐवजी ५०० मिमी ठेवलात तर तेवढ्याच जोराला वाक चाळीस टक्क्यांहून जास्त कमी होतो.

सामान असं लागेल. पाईप ९ मीटर पुरतो, पण एखादा तुकडा चुकीचा कापला जाणारच, म्हणून १० घ्या. टी (तीन तोंडांचे T आकाराचे जोड) १६ लागतात, १८ घ्या. त्यातल्या एक-दोन घासताना बिघडतात. ९० अंशांचे एल्बो २, ४५ अंशांचे ४, एंड कॅप ४. १८ मिमी प्लाय: पेडलांखाली ६२० × ३५० मिमी, सीटखाली ६२० × ४५०, व्हीलच्या फळीसाठी ४०० × २५० आणि ४०० × २००, शिवाय दोन काटकोन त्रिकोण. दीड इंची पाईपवर बसणारे एम६ किंवा एम८ चे यू-बोल्ट १४. एम६ चे ७० मिमी लांब बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) प्रत्येकी १२. १३ मिमी लांब सेल्फ-टॅपिंग स्क्रूंचं एक पाकीट. पीव्हीसीचं सॉल्व्हंट सिमेंट. हत्यारांत बारीक दात्यांची करवत, अर्धगोल कानस, पॉलिश पेपर, ड्रिल, गुण्या, टेप.

आकार सांगतो, सगळी मापं पाईपच्या मध्यापासून मध्यापर्यंतची आहेत. जमिनीवर १३०० मिमीचे दोन अखंड रूळ, त्यांच्यात ५०० मिमी अंतर. त्यांना जोडणारे चार आडवे तुकडे: दोन पेडलांखाली, एकमेकांपासून ३०० मिमीवर, आणि दोन सीटखाली. रुळांवर दोन उभे खांब, त्यांची वरची टोकं एल्बोने आत वळवून आडव्या पाईपने जोडलेली, आणि त्याच्या १५० मिमी खाली आणखी एक आडवा पाईप. प्रत्येक खांबाला पेडलांच्या बाजूने ४५ अंशांचा तिरपा टेकू: खांबावर ४०० मिमी उंचीवर, रुळावर ४०० मिमी पुढे, म्हणजे तिरपी लांबी ५६५ मिमीच्या आसपास. टेकू सीटच्या बाजूने लावला तर आत-बाहेर करताना पाय अडकतो. पुढून लावलेला टेकू व्हील ओढलं तरी आणि ढकललं तरी लांबीतच काम करतो, म्हणून तिथेच.

रूळ "अखंड" म्हटलं त्यावर थोडं थांबतो, कारण खरी मेहनत इथे आहे आणि फायदाही इथेच आहे. सरळसोट पद्धत म्हणजे प्रत्येक टीपाशी पाईप कापायचा आणि दोन्ही बाजूंनी टीमध्ये बसवायचा. मग एका रुळाचे सात तुकडे होतात, बारा सांधे होतात, आणि प्रत्येक सांधा थोडा थोडा देतो. त्याऐवजी टीच्या सरळ भोकातली मधली कड कानशीने काढून टाका, म्हणजे अख्खा पाईप आरपार जातो आणि टी त्यावर सरकते. ही कड दोन-तीन मिमीचीच असते. पण फक्त ती काढून भागत नाही: सॉकेट (फिटिंगचं पाईप बसण्याचं तोंड) आतल्या बाजूला निमुळतं असतं, त्यामुळे पाईप अर्ध्यात अडकतो. गोल दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून सगळीकडून सारखं घासा आणि दर मिनिटाला पाईप घालून बघा. टी हाताने पिळत सरकली पाहिजे, स्वतःच्या वजनाने घसरता कामा नये. जास्त घासली गेलेली टी बाजूला ठेवा, ती टेकूच्या सांध्याला वापरता येते. तिथे जोर पाईपच्या लांबीत असतो आणि स्क्रूने काम भागतं. या रिगमधल्या सोळाही टी अशाच सरकत्या आहेत: प्रत्येक रुळावर सहा, प्रत्येक खांबावर दोन. घासताना मास्क लावा, पीव्हीसीची भुकटी फुप्फुसात जाऊ नये.

तुकडे कापायचं सूत्र: मध्यापासून मध्यापर्यंतच्या मापातून फिटिंगच्या मध्यापासून सॉकेटच्या तळापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंचं वजा करा. हे अंतर तुमच्या हातातल्या फिटिंगवर मोजा, प्रत्येक बनावटीत थोडं वेगळं असतं. समजा ते २७ मिमी आलं, तर ५०० मिमीच्या आडव्या तुकड्यासाठी पाईप ४४६ मिमी कापायचा. इथे एक सापळा आहे. कोरडी जोडणी करताना पाईप सॉकेटमध्ये साधारण दोन-तृतीयांशच जातो, सिमेंट लावल्यावर तळाला टेकतो. म्हणजे कोरड्या सांगाड्यावरून घेतलेलं माप सिमेंटनंतर प्रत्येक तुकड्यामागे १५-२० मिमीने कमी भरतं. व्हीलची उंची कोरड्या जोडणीत "अगदी बरोबर" वाटली आणि नंतर गुडघे लागायला लागले, तर कारण हेच.

कोरडी जोडणी तरीही करायचीच. रुळांवर टी कोणत्या क्रमाने चढवायच्या ते कागदावर लिहून ठेवा: पेडलाची पुढची, पेडलाची मागची, टेकूची, खांबाची, सीटची पुढची, सीटची मागची. टेकू लहान-मोठा करून पाहिलात की पेडलाची मागची टी आणि टेकूची टी यांचा क्रम उलटू शकतो, म्हणून आधी बसून बघा. खांबावर दोन सरकत्या टी एल्बो बसवण्याआधी चढवायच्या असतात. एल्बो चिकटल्यावर हे आठवलं तर खांब कापण्यावाचून इलाज नसतो.

बसण्याची मापं माणसागणिक बदलतात, म्हणून आकड्यांपेक्षा कसोट्या देतो. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. ताठ झाला तर सीट लांब आहे. पाठ सीटला टेकलेली असताना हात लांब करून मनगट व्हीलच्या वरच्या कडेवर ठेवता आलं पाहिजे. सीटची बैठक जमिनीपासून २५०-३०० मिमी, पेडलाचा तळवा १००-१५० मिमी आणि व्हीलचा मध्य ६५०-७०० मिमी, इथून सुरुवात करून सरकवत जा. रस्त्यावरच्या गाडीसारखी बैठक ठेवा. पाय सीटच्या पातळीला आणणारी, जवळजवळ झोपून चालवायची बैठक या सांगाड्यात जमवू नका. त्यात पेडलं उंच जातात आणि उंचीवरचा जोर सगळा उलथवणारा असतो.

मापं ठरली की मार्करने प्रत्येक सांध्यावर पाईप आणि फिटिंग दोन्हींवरून जाणारी एक रेघ ओढा, सांध्याला क्रमांक द्या आणि सगळं सुटं करा. सिमेंट सगळीकडे लावायचं नाही. आडव्या तुकड्यांची टोकं, खांबांची टोकं, एल्बो आणि टेकूचे तुकडे चिकटवायचे. टी रुळावर किंवा खांबावर जिथे सरकते तिथे फक्त स्क्रू. त्यामुळे पुढे सीट जवळ-लांब करता येते आणि हलवायची वेळ आली तर रिग सुटाही होतो.

आडवा तुकडा दोन टींना चिकटवताना दोन्ही टींची आरपार भोकं तंतोतंत समांतर हवीत. सिमेंट काही सेकंदांत धरतं, हातात तिरकं झालं की परतीचा रस्ता नाही. म्हणून दोन्ही रूळ टींमध्ये घातलेले ठेवून, सपाट फरशीवर चिकटवा. रूळच टींना सरळ धरून ठेवतात. सांध्याची चकाकी पॉलिश पेपरने घालवा, दोन्ही पृष्ठभागांना सिमेंट लावा, आधी आखलेल्या रेघेपासून पाव फेरी अलीकडे घालून फिरवत रेघ जुळवा आणि तीस सेकंद दाबून धरा. सोडलात तर निमुळतं सॉकेट पाईपला बाहेर ढकलतं. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको. भार २४ तासांनंतरच. चौकट चिकटवण्याआधी आणि स्क्रू मारण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, फरक ३ मिमीच्या आत हवा.

स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडा, प्रत्येक टीच्या आरपार भोकाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन. पेडलांखालच्या चार टींना मात्र आरपार एम६ बोल्ट घाला, कारण ब्रेकचा जोर टीला रुळावरून सरकवायला बघतो. बोल्ट जिथे पाईपमधून आरपार जातो तिथे आत लाकडी गोल ठोकळा ठोकून घ्या. ठोकळ्याशिवाय नट आवळला की पाईप लंबगोल होतो, काही दिवसांनी प्लास्टिक दबून नट सैल पडतो, तुम्ही पुन्हा आवळता, आणि शेवटी भोकापासून चीर जाते. भोक पाईपच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठं कधीच नको.

लाकूड आत घालण्याचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. दीड इंची पाईपच्या आत ४१ मिमीच्या आसपास जागा असते. त्यात ३८ मिमीचा सरळ रेषांचा लाकडी दांडा पूर्ण लांबीत बसवला तर तो तुकडा एकट्या पाईपच्या साधारण चौपट ताठ होतो, कारण लाकूड पीव्हीसीपेक्षा तीन-चार पट ताठ असतं. दोन्ही खांब आणि वरचे दोन आडवे पाईप एवढ्यांनाच हे करा. वाळू भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. वाळूने वजन वाढतं, खडखडाट थोडा मरतो, ताठपणा मात्र काहीच वाढत नाही.

पेडलांची फळी. ही फळी फक्त आडव्या पाईपांवर ठेवली तर ब्रेकचा जोर पुन्हा त्यांच्या पोटात जातो. म्हणून ती रुळांच्या बाहेरच्या कडेच्याही थोडी पुढे जाईल एवढी रुंद घेतली आहे, म्हणजे यू-बोल्टचे दोन्ही पाय फळीत बसतात. चारही कोपऱ्यांवर यू-बोल्टने ती थेट रुळांना आवळा आणि जिथे टी मध्ये येते तिथे फळीला खाच द्या. १८ मिमी प्लाय आपल्या पातळीत जवळजवळ वाकतच नाही, त्यामुळे जोर सरळ रुळांत उतरतो. पेडल जमिनीपासून वर असल्याने फळीचा पुढचा भाग दबतो आणि मागचा उचलला जातो. ३०० मिमीचं अंतर त्याचसाठी आहे, ते कमी करू नका. पेडलांना तिरपेपणा द्यायचा तर फळीवर लाकडी पाचर घाला.

सीटची फळीही तशीच, चार यू-बोल्टने रुळांना. तिच्याखाली मात्र जमिनीपर्यंत टेकणारे ठोकळे हवेतच. टी पाईपपेक्षा जाड असल्याने रूळ जमिनीपासून पाचेक मिमी वर राहतात, आणि माणसाचं वजन आडव्या तुकड्यांवर सोडलं तर ते दिवसेंदिवस झुकत जातात. पीव्हीसी सततच्या भाराखाली हळूहळू आकार सोडतं आणि भार काढला तरी पूर्ण परत येत नाही. वजन ठोकळ्यांवरून जमिनीत, ब्रेकचा धक्का यू-बोल्टवरून रुळांत, असा हिशेब ठेवा. सीट म्हणून भंगारातली गाडीची सीट सर्वांत चांगली, पण बाजूच्या गादीत एअरबॅग असलेली किंवा पट्टा खेचणारं स्फोटक यंत्र असलेली सीट घेऊ नका. ऑफिसची खुर्चीच वापरायची असेल तर चाकं काढा आणि खुर्चीचा पाया सीटच्या फळीला बोल्टने किंवा पट्ट्याने घट्ट बांधा.

व्हीलची फळी एका पाईपवर बसवली की ती त्या पाईपभोवती फिरते, कितीही आवळा. म्हणून आडवी आणि उभी अशा दोन फळ्यांचा काटकोन करा, कोपऱ्यात दोन्ही बाजूंना त्रिकोण स्क्रू आणि लाकडाच्या गोंदाने बसवा, आणि उभी फळी वरच्या व खालच्या दोन्ही आडव्या पाईपांना यू-बोल्टने धरा. हीच उभी फळी खांबांना बाजूला कलंडण्यापासूनही थांबवते. व्हीलच्या तळाशी आट्यांची भोकं असतील तर क्लॅम्पऐवजी बोल्टने लावा, पण आट्यांची खोली काडीने मोजून मग बोल्टची लांबी ठरवा. लांब बोल्ट आतल्या बोर्डात घुसतो आणि व्हील गेलं समजा.

गियर शिफ्टर किंवा हँडब्रेक खांबाच्या बाजूला लोंबता ठेवू नका. त्याला जमिनीपर्यंत स्वतःचा पाय द्या आणि रुळाला बांधा, नाहीतर प्रत्येक गियरला खांब पिळला जाईल. मॉनिटर सांगाड्यावर नको, वेगळ्या स्टँडवर किंवा भिंतीवर. हलतं चित्र डोळ्यांना त्रास देतं. २७ इंची पडदा डोळ्यांपासून ६०० मिमीवर असेल तर खेळाच्या सेटिंगमधला आडवा दृश्यकोन (FOV) साधारण ५३ अंश ठेवा.

उन्हाच्या झोतात किंवा हीटरजवळ रिग ठेवू नका. ६० अंशांच्या पुढे पीव्हीसी मऊ पडायला लागतं, आणि सततच्या उन्हाने ठिसूळ होतं ते वेगळंच. रंग द्यायचा तर २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून आधी प्लास्टिकवर चालणारा प्रायमर द्या.

पुढे लोडसेलची पेडलं घ्यायचा विचार असेल तर पेडलांच्या फळीपासून सीटच्या फळीपर्यंत जाणारा, १०० मिमी उंच लाकडी वासा मध्ये घालून दोन्ही फळ्यांना बोल्टने जोडा. तो आडव्या पाईपांवरून जाईल तिथे खालून खाच द्यावी लागेल. मग ब्रेकचा जोर लाकूड घेतं आणि पाईप फक्त व्हीलचा मनोरा (खांब आणि वरचे आडवे पाईप) सांभाळतो. ५-६ न्यूटन-मीटरपर्यंतची डायरेक्ट ड्राइव्ह मोटर दांडे भरलेल्या मनोऱ्यावर चालते. त्याच्या वर मोटरच्या बारीक थरथरीने स्क्रूंची भोकं मोठी होत जातात. तिथे लाकडी तुळया किंवा चौकोनी लोखंडी नळी घ्या, पाईपशी झगडू नका.

सगळं झाल्यावर रिग डुगडुगतोय असं वाटलं तर आवळत सुटण्याआधी सांधा शोधा. एकाने ब्रेक दाबून धरायचा-सोडायचा, दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर पाईप आणि फिटिंगच्या शिवेवर नख टेकवून ठेवायचं. अर्धा मिमी हालचालसुद्धा नखाला कळते. हालचाल टी आणि रुळात असेल तर तिसरा स्क्रू, फळी आणि यू-बोल्टमध्ये असेल तर मध्ये सायकल ट्यूबची पट्टी, आणि पाईपच वाकत असेल तर आत दांडा. पहिल्या आठवड्यात नट एकदा पुन्हा आवळावे लागतील, प्लाय थोडा दबतो.